सात मिनिटांचं घर

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं ताई लहानपणापासून म्हणते. म्हणते कशाला, तिनं माझं नावच भिंगरी ठेवलं. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. शाळेत सोडायला तीच यायची आणि अर्ध्या रस्त्यात मी तिचा हात सोडून पुढं पळायचे. मागून ती ओरडत यायची, "अगं थांब, पडशील!" मी कधी पडले नाही. थांबलेही नाही.

पुढं याच पायांवर माझं पोट चाललं. जमिनीची मोजणी करणाऱ्या एका कंपनीत मी आहे. बिल्डरचा प्लॉट मोजायचा, खुणा ठोकायच्या, नकाशा काढून द्यायचा. सोबत एक फॉर्म असतो. शाळा चालत किती मिनिटांवर, दवाखाना किती, स्टेशन किती. तो भरायची कुणालाच हौस नसते, बाकीचे ऑफिसात बसून अंदाजपंचे आकडे टाकतात. मी चालते. घड्याळ लावून चालते, येईल तो आकडा लिहिते आणि खाली सही ठोकते. साहेब नव्या पोरांना सांगतात, "हिच्याकडून शिका जरा. हिचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." मला याचा केवढा तोरा होता, हे आता सांगायचीही लाज वाटते.

बुधवारी दुपारी मी एका प्लॉटवर होते, तेव्हा ताईचा फोन आला.

"भिंगरे, मी घर घेतेय."

"कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे? माझ्यासाठी. मेट्रोजवळ ती नवीन रो-हाऊस झालीत ना, चोवीस घरांची रांग? त्यातलं सतरा नंबर. रविवारी अकराला सही आहे. या खोल्यांनाही गिऱ्हाईक बघून ठेवलंय मी."

मला आधी हसूच आलं. ताई तीस वर्षं हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत उभी राहिली. चादरी मोजून घ्यायच्या, मोजून द्यायच्या. त्यात दोन्ही गुडघ्यांची वाट लागली. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, भावोजी जाऊन दोन. मूलबाळ नाही. तळमजल्यावर दोन खोल्या आहेत, दारातून पाऊल टाकलं की डॉक्टर, दुकान, बसायला बाक, सगळं हाताशी. आणि ही बाई तीन मजली घर घेणार!

"साठी बुद्धी नाठी म्हणतात ते काही खोटं नाही," मी म्हटलं. "ताई, ती घरं मला माहितीयत. एकावर एक खोल्या रचल्यात नुसत्या. पाणी प्यायला उतरायचं, झोपायला चढायचं. आणि तुला मेट्रो हवीय कशाला? तू जातेस कुठं?"

"तुला काय करायचंय? जाईन कुठंतरी."

"तेच घर स्टेशनपासून लांब घेतलंस तर चौथाई किंमत कमी होते, माहितेय? तुझी सगळी पुंजी, भावोजींचे आलेले पैसे, राहत्या खोल्या, सगळं घालवून तू काय विकत घेतेयस तर स्टेशनजवळचं असणं. उद्या अडीनडीला काय करशील?"

"लांबचं नकोच मला. स्टेशनपासून चालत सात मिनिटं, छापलंय त्यांनी."

"छापतील! छापायला त्यांच्या बापाचं काय जातंय?"

"खाली तुमच्या कंपनीचं नाव आहे," ताई म्हणाली. "म्हणून तर मी निर्धास्त आहे."

मी पुढं काय बोलले ते आठवत नाही. फोन ठेवला आणि खुणेची खुंटी ठोकायची सोडून तिच्याभोवतीच दोन चकरा मारल्या. कारण ती सात मिनिटं माझी होती. पावणेदोन वर्षांपूर्वी तिथं नुसते खड्डे होते तेव्हा मीच तो प्लॉट मोजला होता, मीच स्टेशनपासून चालले होते आणि मीच फॉर्मवर सात लिहिलं होतं.

गुरुवारी ऑफिसात दांडी मारून तिकडं गेले. स्टेशनातून बाहेर पडले आणि घड्याळ लावलं. पहिली तीन मिनिटं ठीक. मग समोर रस्ता आला. मी मोजणी केली तेव्हा हा रस्ता सुरू झाला नव्हता. डांबर टाकून तयार होता, पण गाडी नव्हती, घोडं नव्हतं. मी तिरकी, सरळ नाकासमोर तो ओलांडला होता. आता तिथं दोन्ही बाजूंनी गाड्या सुसाट चाललेल्या, मधे कठडा, आणि पलीकडे जायला वरून पादचारी पूल. पायऱ्या मोजल्या. बेचाळीस चढायच्या, बेचाळीस उतरायच्या. साधा जिना, सरकता वगैरे काही नाही. मी, माझ्या भिंगरीच्या पायांनी, धापा टाकत रांगेपर्यंत पोचले तर बारा मिनिटं झाली होती.

तीन नंबरच्या दारात एक गृहस्थ नळी घेऊन पायरी धूत होते. माझ्या हातातलं घड्याळ आणि वही बघून म्हणाले, "घर बघायला आलात?"

"तसंच."

"बघा, बघा. घर वाईट नाही. भिंत मात्र शेजाऱ्याची न् आमची एकच आहे. तो शिंकला की आमची ही म्हणते, सर्दी झालीय वाटतं त्याला." नळी त्यांनी बाजूला धरली. "पण आम्ही घेतलं ते स्टेशनसाठी. सात मिनिटं म्हणे! बायको सकाळी वीस मिनिटं आधी निघते, तरी गाडी चुकते. मला एकदा तो सात मिनिटांत जाणारा माणूस भेटू दे हो. पाय धरीन त्याचे."

"आणि मग?"

"मग धरून ओढीन."

मी हसले. हसणं भागच होतं. तिथून निघाले ती इतक्या तरातरा, की पूल कधी चढले नि कधी उतरले कळलं नाही.

आता कुणीही शहाणा माणूस काय करेल? ताईला फोन करेल, म्हणेल, बाई गं, चुकले मी, ते सात चुकीचं आहे, सही करू नकोस. मी फोन तीनदा हातात घेतला आणि तीनदा ठेवला. शुक्रवारी कामात लक्ष लागेना, जेवण जाईना. खुर्चीत बसले की पाय हलायचे. साहेबांच्या केबिनपर्यंत दोनदा जाऊन परत आले. सगळ्या जगासमोर माझा आकडा खोटा ठरला असता तर एक वेळ चाललं असतं, पण ताईसमोर? लहानपणापासून माझ्या हुशारीचं कौतुक करणारं ते एकच माणूस होतं. शेवटी मी एक पळवाट काढली. आपण काही बोलायचंच नाही. शनिवारी ताईला घेऊन स्टेशनपासून चालायचं. पूल बघितला की ती आपणहून म्हणेल, नको बाई हे घर. माझं तोंड बंद आणि तिचे पैसे शाबूत.

शनिवारी दुपारी दोन वाजता स्टेशनबाहेर भेटलो. ताईनं ठेवणीतली पर्स आणली होती.

"लाव घड्याळ," ती म्हणाली.

मी लावलं आणि आम्ही चालायला लागलो. माझ्या लक्षात आलं की मी आजवर ताईबरोबर कधी चाललेच नव्हते, नेहमी तिच्या पुढं चालले होते. ती एक पाऊल टाकायची, जरा थांबायची, मग दुसरं. माझ्या पायांना मुंग्या यायला लागल्या. पुलाच्या पायऱ्यांवर ती आधी उजवा पाय ठेवायची, मग डावा त्याच पायरीवर आणायची, मग पुढची पायरी. एका हातानं कठडा, दुसऱ्या हातानं माझा दंड. मधल्या टप्प्यावर ती टेकली. कपाळावर घाम डवरला होता.

"ताई, चल, परत जाऊ," मी म्हटलं. "हा पूल रोज चढायचा म्हणजे काय खायचं काम आहे?"

"रोज कोण चढतंय?" ती म्हणाली. "चल, दे हात."

रांगेपाशी पोचलो तेव्हा तिनं विचारलं, "किती झाली?"

"सव्वीस."

"बरं," ताई म्हणाली, आणि सतरा नंबरची बेल वाजवली.

मी बघतच राहिले. सव्वीस ऐकून तिनं कपाळाला हात लावायला हवा होता, बिल्डरच्या नावानं खडे फोडायला हवे होते. यातलं काहीच नाही. दार उघडलं ते विकणाऱ्या पोरानं. त्याच्या बोलण्यात इतका पाक होता की मी मनात त्याचं नाव गोड्या ठेवलं. गोड्यानं खाली स्वयंपाकघर दाखवलं, मधे बैठकीची खोली, वर निजायची खोली. जिना इतका अरुंद की कपाट वर न्यायचं तर खिडकीतून दोरानं ओढावं लागेल. ताई दोन्ही जिने चढली. वरच्या खोलीत खिडकीला रुंद कट्टा होता, त्यावर ती हळूच टेकली आणि बाहेर बघत राहिली.

"इथून पुलावरचा माणूस ओळखू येतो गं," ती म्हणाली. तिचा चेहरा इतका खूश होता की मला रडू यायला लागलं.

आणि मग माझ्यानं राहवेना. "ताई, सही करू नकोस," मी म्हटलं. "ते सात मी लिहिलंय. तेव्हा रस्ता सुरू नव्हता, पूल नव्हता, आणि मी पळत सुटल्यासारखी चालले होते. चूक माझी आहे. मी तुला गुरुवारीच सांगायला हवं होतं, मला लाज वाटली म्हणून नाही सांगितलं." मग गोड्याकडे वळून म्हटलं, "ते सात खोडा तुमच्या कागदावरचं."

गोड्याचा पाक जरा पातळ झाला. "मॅडम, फॉर्मवर तुमचीच सही आहे. त्या दिवशी सात मिनिटं लागली होती की नव्हती?"

"लागली होती."

"मग त्यात खोटं काय?"

मला त्याचा असा संताप आला, आणि त्याहून माझा. तेवढ्यात ताई त्याला म्हणाली, "बाळ, जरा खाली जाऊन ये. आम्हाला दोन शब्द बोलायचेत." तो गेला.

"तुझी सही मला ओळखता येत नाही होय?" ताई म्हणाली. "त्यांनी फाइल दाखवली तेव्हाच बघितली मी. तो शेवटचा फराटा. गिरवायला मीच शिकवलं ना तुला."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"पुलाचं नव्हतं माहीत. पण ती सात मिनिटं माझी नाहीत एवढं पहिल्या दिवशीच कळलं. मला वीस लागोत नाहीतर तीस लागोत. मी कुठं जाणार आहे?" ती खिडकीबाहेर बघत होती. "सात मिनिटं तुझी आहेत. तुझं ऑफिस या लाइनीवर, घर या लाइनीवर. म्हटलं, उतरली की सात मिनिटांत दारात. माझ्याकडे यायला दीड तास लागतो म्हणतेस ना तू नेहमी? दोन बसा, दीड तास, कसं जमायचं ताई. हे गेले त्यानंतर तू किती वेळा आलीस, सांग बरं. तू मोजणारी आहेस."

मी मनात मोजलं. चार. त्यातही एकदा मी दारातूनच गेले होते, बाहेर रिक्षा थांबवून.

"चौथाई जास्त म्हणालीस ना? असू दे. त्याहून स्वस्तात तू येत असतीस तर तसं घेतलं असतं." तिचा आवाज साधाच होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "आता सात नाही, बारा तर बारा. येशील? खरं खरं सांग."

मी तोंड उघडलं, "येईन की," असं म्हणायला. आणि माझी नजर मनगटावर गेली. चार वाजता दुसऱ्या प्लॉटवर पोचायचं होतं, तेवढंच. सवय. पण ताईनं ते बघितलं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. कट्ट्यावरून उठली, पर्स खांद्याला लावली आणि म्हणाली, "चल, तुला उशीर होतोय." जिना उतरताना तिनं माझा दंड धरला नाही, कठडा धरला. खाली गोड्याला म्हणाली, "उद्या अकराला येते मी." मग माझ्याकडे वळून, "सही करणार आहे मी, भिंगरे. तुला यायचं नसलं तर येऊ नकोस. पण अंतराचं निमित्त तुझ्यापाशी मी ठेवणार नाही."

चारला मी प्लॉटवर गेले आणि चुकीच्या कोपऱ्यात खुंटी ठोकून आले. संध्याकाळी साहेबांना कळवलं की त्या फॉर्मवर सात खोडून बारा करा, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला सव्वीस, असंही लिहा. त्यांचं उत्तर आलं, "सोमवारी भेटा." भेटू म्हटलं. नोकरीचं काय व्हायचं ते होईल.

रविवारी सकाळी जाग आली ती एकाच विचारानं. दीड तास. हा आकडा मी कितीतरी वर्षं सांगत होते. पण मोजला कधी? सगळ्या गावाचे रस्ते मी घड्याळ लावून चालले, फक्त ताईच्या घरचा कधी मोजला नाही. तो आकडा मीच अंदाजपंचे टाकला होता. नऊ वाजता कुलूप लावलं, घड्याळ लावलं आणि निघाले.

पहिली बस चार मिनिटांत आली. वाटलं, रविवार आहे, रस्ता मोकळा, दुसरी नक्की रखडवणार. मला ती रखडायला हवी होती. खरंच सांगते, मी त्या थांब्यावर उभी राहून मनात म्हणत होते, येऊ नकोस, एवढ्यात येऊ नकोस. सहा मिनिटांत आली. उतरून चालले, मुद्दाम हळू चालले, ताईच्या चालीनं चालले. तिच्या दारापाशी घड्याळ थांबवलं. एक्केचाळीस मिनिटं.

बेल वाजवायला हात उचलला आणि तसाच राहिला. भावोजींच्या वेळी ताईचा फोन आला होता तो संध्याकाळी पाच वाजता. त्यांना बरं नाही वाटत, येतेस का? मी कामावर होते. म्हटलं, ताई, आता निघून दीड तास जाणार, सकाळी उठून येते. भावोजी सातला गेले.

दार ताईनंच उघडलं. बाहेर जायची साडी नेसलेली, टेबलावर कागदांची पिशवी तयार. माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या घड्याळाकडे बघितलं.

"किती?" तिनं विचारलं.

"एक्केचाळीस." मी म्हटलं. "ताई, फोन पाचला आला होता."

"माहितेय."

"दोन तास होते गं. मी पोचले असते. सहाच्या आत पोचले असते."

"माहितेय मला," ती म्हणाली. "दारात नको रडू, आत ये."

आत येऊन मी खुर्चीत बसले, पर्स खांद्यालाच. ताई समोर बसली, दोन्ही हातांनी गुडघे दाबत.

"तुझा फोन ठेवला ना, तेव्हा त्यांनी विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं, दीड तास लागतो म्हणाली. ते म्हणाले, छे, पाऊण तास फार तर. त्याच बसनं वीस वर्षं कामाला गेले ना ते. म्हणाले, ती म्हणेल उद्या, पण निघेल बघ, पायाला भिंगरी आहे तिच्या." ताईनं पदरानं नाक पुसलं. "मग शेवटपर्यंत दाराकडे बघत होते. मी तुला हे कधीच सांगणार नव्हते."

मी हुंदके देऊन रडले. लहानपणी कधी पडले नव्हते, ते सगळं एकदम पडल्यासारखी रडले. ताईनं मला रडू दिलं, जवळ घेतलं नाही, पाण्याचा तांब्या तेवढा पुढं सरकवला.

"साडेदहाची बस आहे मला," थोड्या वेळानं ती म्हणाली. "सांग, जाऊ का नको?"

"नको जाऊस." पहिल्यांदा मी विचार करून बोलत होते. "तिथं सात मिनिटं लागली असती ना ताई, तरी मी आले नसते. मी काहीतरी दुसरं कारण काढलं असतं. एक्केचाळीस मिनिटांवर होतीस आणि मी आले नाही. तू सगळं विकून ते घर घेशील, खिडकीत बसून पुलाकडे बघत राहशील आणि मी येणार नाही. मला माझी खात्री नाही. तू माझ्या भरवशावर घर घेऊ नकोस."

"मग इथं येशील, त्याची तरी खात्री आहे?"

"नाही. पण इथं तुला त्याचे पैसे मोजावे लागत नाहीत."

ताई एकदम हसली. हसता हसता डोळे पुसले. साडेदहाची बस गेली. अकराला पाच कमी असताना गोड्याचा फोन आला. ताई त्याला म्हणाली, "नाही घेत रे बाळ. घर छान आहे. पण ती सात मिनिटं मला फार महाग पडतात." त्यानं किंमत कमी करतो असं काहीतरी म्हटलं असावं, कारण ताई म्हणाली, "तुझ्या हातातलं नाही ते," आणि फोन ठेवला. मग कागदांची पिशवी कपाटात ठेवून ती स्वयंपाकाला लागली. मी बसून होते. पाय हलत होते, पण बसून होते.

दुपारी निघताना दारात चपला घालत मी म्हटलं, "पुढच्या रविवारी येते, ताई."

"येते म्हणू नकोस," ताई म्हणाली. "ये."